जुनं धुळं कुणी वसवलं?

प्रश्न : आप्पा, लग्न होऊन धुळ्याला आले त्याला दोन वर्षं झाली. आग्रा रोडच्या बाजूला चौथी गल्ली, पाचवी गल्ली अशा सरळ गल्ल्या. जुन्या धुळ्यात शिरलं की मात्र मी दर खेपेला चुकते. एकाच गावात असं कसं? आणि सासूबाई म्हणतात गाव गढीवाल्यांनी वसवलं, तर बाकी सगळे इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जचं नाव घेतात. खरं काय?
— एक वाचक, देवपूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं खरं आहे. ब्रिग्जसाहेब आला १८१८ साली. त्याच्या आधीची पंधरा वर्षं कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१८०२ मध्ये होळकरांच्या फौजेनं खानदेश तुडवला. शेतं पडीक राहिली आणि १८०३ च्या दुष्काळात धुळं पार ओस पडलं. पुढच्याच वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरचे बाळाजी बळवंत, म्हणजे सासूबाईंचे गढीवाले, यांनी माणसं आणून गाव पुन्हा वसवलं, मातीची जुनी गढी नीट केली आणि सोनगीर-लळिंग मुलखाचा कारभार इथूनच पाहिला. विंचूरकरांनी त्यांना इनाम जमीन दिली. एकदा उठून गेलेलं कुणबी घर परत येतं ते गढीच्या भरवशावर. रात्री दाणा आणि गुरं कुठं सुरक्षित राहतील, हे कुणबी आधी बघतो. माझ्या आजोळच्या गढीची पांढरी माती आम्ही टोपल्यांनी घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, नेऊन टाकायचो. पावसाळाभर घर गळत नसे.

पांझरा नदी आणि पाट यांच्या बेचक्यात, आजूबाजूला बागायत, असं हे गाव ब्रिग्जला मिळालं. १८१९ मध्ये इथं ४०१ घरं होती, माणसं २,५०९. जिल्ह्याचं मुख्य ठाणं त्यानं इथंच केलं, कचेऱ्यांसाठी लांबून कारागीर आणले. नव्या पेठेत राहायला येणाऱ्यांना घराची जागा कायमची बिनभाड्यानं, वर बांधायला उचल! ती वस्ती आखून बसवलेली, म्हणून गल्ल्या सरळ. जुनं धुळं जसं माणूस येत गेलं तसं वाढलं, म्हणून तुम्ही चुकता. १८७२ पर्यंत लोकवस्ती १२,४८९ वर गेली. त्याच साली पांझरेच्या पुरानं घरांची मोठी नासधूस केली.

सासूबाईंना ही गोष्ट कुणी सांगितली, तेवढं विचारा. त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि मला पाठवा.