सासऱ्यांना पार्किन्सनच्या गोळ्यांचा गुण येत नाही, दुसरा काही आजार असेल का?

तुम्ही लिहिलंय की सासरे 72 वर्षांचे, वर्षभर लेव्होडोपा (पार्किन्सनची मुख्य गोळी) चालू आहे, हाताला कंप नाही आणि सारखे मागच्या मागे पडतात. निदान न्यूरॉलॉजिस्टच करणार, मी इंदुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. पण एवढं वाचून माझ्या मनात पहिलं नाव आलं ते पीएसपीचं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पार्किन्सनसारखाच दिसणारा मेंदूचा वेगळा आजार.

साध्या पार्किन्सनमध्ये तोल जायला सहसा बरीच वर्षं लागतात. पीएसपीत माणूस सुरुवातीलाच पडायला लागतो, तेही बऱ्याचदा पाठीवर. दुसरी खूण डोळ्यांत. नजर वर-खाली, विशेषतः खाली, जाईनाशी होते. रामबागेतले एक आजोबा ताटाच्या पलीकडच्या कडेची भाजी संपवायचे आणि पुढ्यातली पोळी तशीच ठेवायचे. जिना उतरताना पायरी चुकायची. घरच्यांना वाटे हट्टीपणा. चष्माही बदलून झाला होता. ताट उंच स्टुलावर ठेवलं तर पोळी खाल्ली जायची! तुम्हीही सासऱ्यांना मान स्थिर ठेवायला सांगून समोर बोट वर-खाली फिरवा आणि डोळ्यांचा व्हिडिओ काढा. चालतानाचा, वळतानाचाही काढा. दवाखान्यात पाच मिनिटं माणूस बरा चालतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

एमआरआयवर फार विसंबू नका. पीएसपीत मेंदूचा मधला भाग आटलेला दिसतो खरा, पण सुरुवातीला रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो.

उभं राहिल्यावर चक्कर येते का, लघवीचा त्रास आहे का? मग एमएसए (मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी) हा पार्किन्सनसारखा दिसणारा दुसरा आजार डॉक्टर बघतील. झोपलेलं असताना बीपी घ्या, उभं करून तीन मिनिटांत परत घ्या. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर लिहून ठेवा. घरात नसलेली माणसं दिसत असतील आणि सुधबुध कमीजास्त होत असेल तर लेवी बॉडी डिमेन्शिया. त्यात भासांवर देतात ती हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जिवावर बेतू शकतात, म्हणून हे भास डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि गोळ्यांची अख्खी पिशवी सोबत न्या. आपल्याकडे गॅससाठी दिलेल्या गोळीत पुष्कळदा लेव्होसल्पिराइड असतं, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठी सिनारिझीन किंवा फ्लूनारिझीन. या गोळ्यांनीच पार्किन्सनसारखी लक्षणं येतात आणि बंद केल्यावर उतरायला आठवडे, कधी महिने जातात. मला यात सगळ्यात जास्त राग येतो, कारण ही गोळी कुणी, कधी सुरू केली हे घरात कुणालाच आठवत नसतं. लेव्होडोपाचा डोस पुरेसा होता का, तेही विचारा. सोसत असेल तर दिवसाला 1000 मिलिग्रॅमपर्यंत महिनाभर देऊन पाहिल्याशिवाय गुण नाही असं सहसा म्हणत नाहीत. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

पीएसपी थांबवणारं औषध आज नाही. पण पडणं आणि ठसका या दोन गोष्टींसाठी आजाराचं नाव कळायची वाट बघत बसू नका. संडासात दांडी बसवा, सपाता बंद, वळताना गर्रकन न वळता मोठा वळसा घ्यायला लावा. या माणसांना धोका कळत नाही, बजावलं तरी झटकन उठतात, म्हणून उठायच्या वेळी कुणीतरी जवळ हवंच. पातळ पाणी सगळ्यात आधी घशात अडकतं. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली करून घोट-घोट द्या. कोरडे पोहे आणि वरची शेव बंद करा. इंदूरकराला हे सांगणं जिवावर येतं, पण तोच चुरा श्वासनलिकेत जातो. मऊ खिचडी, दहीभात चालेल. गिळणं तपासणारा स्पीच थेरपिस्ट एकदा तरी गाठा.

पुढे नळीने अन्न द्यायचं की नाही हा प्रश्न येऊ शकतो. तो सासऱ्यांनाच विचारा, आणि त्यांचं बोलणं नीट समजतंय तोवर विचारा. नाहीतर आयसीयूच्या दाराशी तुम्ही आणि दीर-नणंदा भांडत बसाल.