मशीन आधी घेऊ का सबसिडीची वाट बघू?

प्रश्न : सर नमस्कार. मी धायरीला राहते. लॉकडाऊनमध्ये घरूनच मसाले, भाजणी, मेतकूट करून विकायला सुरुवात केली, आता बऱ्यापैकी जम बसलाय. महिन्याला ७०-८० हजारांची विक्री होते, दिवाळीत दोन लाखांच्या वर जाते, सगळं वजा जाता हातात २०-२२ हजार राहतात. पण घरात आता जागा पुरत नाही आणि मिक्सर, छोटी चक्की ह्याच्यावर भागत नाही, म्हणून नऱ्ह्याला एक गाळा बघितलाय. कांडप मशीन, पल्व्हरायझर, रोस्टर आणि पॅकिंगचं मशीन मिळून ६ लाख, गाळ्याचं डिपॉझिट १ लाख आणि मिरची-धने भरायला २ लाख असा ९ लाखांचा हिशोब आहे. ह्यांच्या मित्राने एक एजंट गाठून दिला, तो म्हणतो ३५ टक्के सरकार देतं, म्हणजे सव्वातीन लाख फुकट मिळतील, मला फाइलचे १५ हजार आधी द्या आणि काम झालं की दहा टक्के. मशीनवाल्याला २० हजार ॲडव्हान्स दिलाय, तो म्हणतोय महिनाअखेर उचला नाहीतर रेट वाढेल. काय करू?
– एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्या एजंटला सांगा की घरात विचार करून कळवते, आणि मग त्याचा फोन उचलूच नका. ३५ टक्क्यांची योजना खोटी नाहीये, खरी आहे, पण तो जे सव्वातीन लाख फुकट म्हणतोय ना त्यात दोन ठिकाणी गडबड आहे.

तुम्हाला बसणारी योजना म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, बोलताना सगळे पीएमएफएमई म्हणतात. २०२० च्या जूनमध्ये आली, आपल्याकडे कृषी खातं बघतं. खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम म्हणजे सीएमईजीपी, त्यातही ३५ टक्के ऐकलं असेल तुम्ही, पण तो नवीन धंद्यासाठी, तुमचा चालू आहे, आणि तिथेही बायकांना ३५ टक्के ग्रामीण भागात, शहरात २५. त्यामुळे तो विषय सोडा. पीएमएफएमईमध्ये चालू धंदा वाढवायला मिळतं, शहरात असलात तरी मिळतं, आणि ते एक जिल्हा एक उत्पादन, म्हणजे जिल्ह्याला एक माल ठरवून दिलेला असतो, वगैरे जे आहे ते आधीपासून चालू असलेल्या युनिटला आडवं येत नाही.

आता हिशोब. ३५ टक्के हे मशिनरीवर आणि त्यासाठी लागणाऱ्या बांधकामावर धरतात, डिपॉझिट आणि मिरची-धने त्यात येत नाहीत. म्हणजे ९ लाखांवर नाही, ६ लाखांवर, झाले २ लाख १० हजार. ही पहिली गडबड. दुसरी मोठी आहे. हे पैसे तुमच्या हातात येतच नाहीत हो. आधी बँकेने कर्ज मंजूर करायचं, त्यात तुमचे निदान दहा टक्के म्हणजे ६० हजार, राहिले ५ लाख ४० हजार ते कर्ज. अनुदान आलं की बँकेत तुमच्या कर्जाच्या नावाने बाजूला ठेवलेलं राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले, युनिट चालू राहिलं, तर मग कर्जात वळतं होतं. हप्ते थकून खातं एनपीए झालं तर ती रक्कम बँक थकबाकीत वळवून घेते, तुमच्या हाताला काही लागत नाही. म्हणून मी लोकांना सांगतो की सबसिडी विसरून जा आणि पूर्ण कर्जाचा हप्ता झेपतोय का ते बघा. व्याज ११ टक्के धरलं आणि ५ वर्षं, तर ५ लाख ४० हजारांना हप्ता साधारण ११,७०० बसतो. त्यात गाळ्याचं भाडं आलं, थ्री फेजचं बिल आलं, हाताखाली एक बाई ठेवावी लागेल तिचा पगार आला. आजच्या २०-२२ हजारांत हे बसत नाही ताई, विक्री निदान दुप्पट व्हायला पाहिजे. होईल का? तुम्हालाच माहिती. माझं विचाराल तर पल्व्हरायझर आणि कांडप एवढंच आता घ्या, पॅकिंगचं मशीन वर्षभर थांबेल, तोपर्यंत हाताने सील करा.

मी २२ वर्षं बँकेत होतो, त्यातली ९ कर्ज विभागात, आणि खरं सांगू का, अशा फाइली योजनेच्या नियमात कमी आणि आमच्या टेबलावर जास्त अडकायच्या. मॅनेजर काय बघतो? पहिलं म्हणजे बँक स्टेटमेंट. तुम्ही ७०-८० हजारांची विक्री म्हणताय, पण मला खात्री आहे की निम्मे पैसे ह्यांच्या नाहीतर मुलाच्या क्यूआरवर येत असणार, कारण सगळ्या घरांत तसंच असतं, जो फोन हाताशी असेल त्याच्यावर घेतात. मग तुमच्या खात्यात दिसतात १५ हजार आणि कागदावर लिहिलेले ८०. मॅनेजर दोन्हीकडे बघतो आणि हसतो, तोंडावर नाही हसत पण हसतो. आजपासून धंद्याचं वेगळं करंट खातं, त्याचाच क्यूआर, रोख आलेलेसुद्धा आठवड्याला भरायचे. सहा महिन्यांचं असं स्टेटमेंट असेल तर त्याच्याइतकं वजनदार काही नाही. रिटर्न भरलेत का? नसतील तर चालू वर्षाचा तरी भरा, टॅक्स बसत नसला तरी.

दुसरं, गाळा. पुण्यात जो तो ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करून देतो आणि कर्ज असतं ५ वर्षांचं, मग बँक विचारणार की बाराव्या महिन्यात मालकाने उठवलं तर मशीन कुठे नेणार? निदान कर्जाच्या मुदतीइतका नोंदणी केलेला करार द्यायला मालक तयार आहे का ते डिपॉझिट द्यायच्या आधी विचारा. ह्या एका कागदावर चांगल्या चांगल्या फाइली परत गेलेल्या मी बघितल्यात, आणि त्यात बिचाऱ्या अर्जदाराची काही चूक नसते. थ्री फेजचं कनेक्शन गाळ्यात आहे का तेही तेव्हाच बघून घ्या, घरगुती मीटरवर पल्व्हरायझर चालवायचा विचारही नको.

तिसरं सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड. स्वतःचं कर्ज नसलं तरी दिराला किंवा भावाला जामीन राहिला असाल तर ते तुमच्या नावावर दिसतं, आणि हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचा एखादा चुकलेला हप्ता पण दिसतो. अर्जाच्या आधीच काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतं.

आणि मशीन. मंजुरीच्या आधी उचलू नका, मशीनवाला काहीही म्हणू दे. बँक पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात पाठवते, तुम्ही आधीच घेऊन टाकलंत तर कर्ज कशाचं देणार? २० हजारांची पावती घ्या, जीएसटी नंबर असलेलं कोटेशन घ्या आणि दुसऱ्या एका दुकानातूनही कोटेशन घ्या. ॲडव्हान्स बँकेतून दिला असेल तर मी असताना तो अर्जदाराच्या ६० हजारांत धरायचो, रोख दिला असेल तर धरायला कागदच नसतो. रेट वाढेल म्हणणारा मशीनवाला दर महिन्याला तेच म्हणतो.

एजंटचं राहिलंच. ह्या योजनेत अर्ज भरून द्यायला आणि प्रोजेक्ट रिपोर्ट करायला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेत, डीआरपी म्हणतात, आणि त्यांना कर्ज मंजूर झालं की सरकारच केसमागे २० हजार देतं, निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे तुमचे जीएसटी, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), फूड लायसन वगैरे झाल्यावर. तुम्ही एक रुपया द्यायचा नाही. यादी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात मिळते. उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, तिचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. योजनेची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची, म्हणून धावपळ करायच्या आधी त्याच कार्यालयात अर्ज चालू आहेत ना ते विचारून घ्या. मिरची-धन्याचे २ लाख मात्र टर्म लोनमध्ये घुसवू नका, त्याला वेगळी कॅश क्रेडिट मागा, म्हणजे मर्यादेत लागेल तसे काढायचे आणि आले की भरायचे, उन्हाळ्यात मार्केट यार्डातून माल भरला आणि दिवाळीपर्यंत फिरवला असं वापरायला तीच बरी पडते.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग, सगळं जॉबवर्क. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यायचंय, २२ लाखांपर्यंत जातं. मित्राने सुप्याला एमआयडीसीत युनिट टाकलं त्याला सरकारी सवलत मिळाली, मग आम्हाला पुण्यात का नाही? आम्ही काय पाप केलंय?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : पाप एवढंच की भोसरी आधीच भरलेली आहे. मित्राला मिळालं ते सामूहिक प्रोत्साहन योजनेतलं असणार. ती राज्याने १९६४ साली सुरू केली तीच मुळात मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातली गर्दी बाहेर जावी म्हणून. तालुक्यांचे अ, ब, क, ड असे गट केलेत, पुणे-पिंपरी चिंचवड पडतं अ मध्ये म्हणजे पुढारलेला भाग, आणि गुंतवणुकीवरची मुख्य सवलत मागे असलेल्या गटांसाठी. सुपे पडतं पारनेर तालुक्यात, तिथला गट वेगळा. नुसत्या सवलतीसाठी वर्कशॉप तिकडे हलवायचं मनात असेल तर थांबा, तुमचं जॉबवर्क ज्या कंपन्यांचं आहे त्या भोसरी-चाकणलाच आहेत ना? रोजचा टेम्पो आणि दोन चांगले ऑपरेटर गेले की सवलत कुठे जाते कळत पण नाही.

पण एक विचारतो, पहिलं लेथ मुद्रा लोनवर घेतलं होतं का? घेतलं असेल आणि वेळेत फेडलं असेल तर पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, दुसरं कर्ज नावाचा प्रकार आहे, फार कमी लोकांना माहिती असतो. पीएमईजीपी एरवी नवीन युनिटलाच असते, पण पीएमईजीपी किंवा मुद्रातून उभं राहिलेलं, नफ्यात चालणारं युनिट वाढवायला हा दुसरा डोस मिळतो, उत्पादनासाठी १ कोटीपर्यंतचा प्रकल्प आणि आपल्याकडे १५ टक्के अनुदान. २२ लाखांवर ते ३ लाख ३० हजार होतात. सेवा उद्योगात धरलं तर मर्यादा २५ लाख आहे, तुम्ही त्यातही बसता, तरी उद्यमवर तुमचा कोड कुठला पडलाय, उत्पादनाचा का सेवेचा, ते बघून जा. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात जिल्हा उद्योग केंद्र आहे तिथे मुद्राचं नो ड्यूज, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, घेऊन जा. मुद्रा घेतलेलं नसेल तर सरळ बँक आणि सीजीटीएमएसई ह्या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची हमी, म्हणजे घर तारण ठेवावं लागणार नाही, हमीची फी तेवढी लागते. त्यात सबसिडी नाही हे आधीच सांगतो, नाहीतर मलाच शिव्या घालाल.

प्रश्न : आमचा मांजरीत दहा जणींचा बचत गट आहे, पापड-कुरडयांचा. प्रत्येकीला ४० हजार मिळतात म्हणे, परत करायचे नसतात ना?
– एक वाचक, मांजरी

उत्तर : मिळतात, म्हणजे तुमच्या गटाला मिळून जास्तीत जास्त ४ लाख, पण प्रत्येकीच्या हातात वाटायचं बक्षीस नाहीये ते. पीएमएफएमईमधलंच बीज भांडवल आहे, बचत गटांच्या संघामार्फत येतं आणि सदस्याला कर्ज म्हणून मिळतं, म्हणजे घेतलेलं परत फिरवायचं, कच्चा माल आणि छोटी अवजारं ह्यासाठीच. त्यामुळे आधी गटाचं दप्तर बघा, मिनिट्स, बचतीच्या नोंदी, आपापसातल्या कर्जाची परतफेड, सगळं तारखेवार आहे ना? महापालिका हद्दीत असाल तर समाज विकास विभागात विचारा. आणि पापड खरंच दहाजणी लाटतात ना, का दोघी लाटतात आणि आठ जणींची नावं आहेत? तपासणीला माणूस आला की पहिलं हेच बघतो.