जपानी ॲनिमेशनपटांतली दैवतं: वाचकांचे प्रश्न

'स्पिरिटेड अवे'मध्ये देवांच्या जगातलं अन्न खाऊन चिहिरो या मुलीच्या आईवडिलांची डुकरं होतात. मग तिथला हाकू हा मुलगा तिलाही तिथलंच का भरवतो?

आईवडिलांनी देवांसाठी मांडलेलं अन्न न विचारता ओरपलं, त्याची ती शिक्षा. चिहिरोची अडचण वेगळी आहे. तिचे हात आरपार दिसू लागलेत. त्या जगातलं काहीतरी पोटात गेलं नाही तर ती विरून जाईल. यामागची समजूत फार जुनी आहे. इ. स. ७१२च्या 'कोजिकी' ग्रंथात इझानामी देवी अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरते. नवरा तिला आणायला योमी या मृतांच्या लोकात जातो, तेव्हा ती म्हणते, उशीर केलात, मी इथलं जेवले. जिथला घास खाल्ला, तिथलंच होऊन जायचं.

चित्रपटाच्या मूळ नावात 'कामिकाकुशी' हा शब्द आहे, म्हणजे देवाने लपवणं. गावातलं मूल एकाएकी नाहीसं झालं की लोक असंच म्हणत आणि ढोल-घंटा वाजवत, नावाने हाका मारत त्याला शोधत. हे मनात ठेवून त्या जगातली चेटकीण युबाबा चिहिरोचं नाव काढून घेते तो प्रसंग पुन्हा पाहा. 'चिहिरो' हे नाव दोन चिन्हांनी लिहितात. दुसरं चिन्ह गेलं की उरलेल्या एकट्याचा उच्चार होतो 'सेन'. ज्या नावाने घरचे हाका मारतील तेच आठवेनासं झालं, तर पोर ओ कशाला देईल? माझ्या मते सगळ्या चित्रपटातली खरी भीती इथे आहे, डुकरांत नाही.

'माय नेबर टोटोरो'मध्ये हरवलेली मेई दगडी मूर्तींपाशी बसलेली असते. त्या कोणाच्या?

जिझोच्या. हा आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचलेला. पुनर्जन्माच्या सहा गतींसाठी सहा मूर्ती, म्हणून त्या ओळीने उभ्या असतात. जिझो वाटसरूंचा आणि लहान मुलांचा, विशेषतः आईबापांच्या आधी गेलेल्या मुलांचा रखवालदार. त्याच्या मूर्तींना लोक लाल लाळेरं बांधतात. तळ्यात लहान मुलीची चप्पल सापडल्यावर मेई अशा जागी दिसते, तेव्हा जपानी प्रेक्षकाला धस्सही होतं आणि हायसंही वाटतं.

'पोम पोको'मधले प्राणी रॅकून आहेत का? डोक्यावर पान कशाला ठेवतात?

रॅकून नव्हेत. ते तानुकी, कोल्ह्या-कुत्र्यांच्या कुळातले. तानुकी आणि कोल्हा डोक्यावर पान ठेवून रूप पालटतात, ही तिकडच्या लोककथांतली जुनी कल्पना. दिग्दर्शक ताकाहाता यांनी १९९४च्या या चित्रपटात ती तोक्योजवळच्या तामा टेकड्यांवर आणली, जिथे नवं शहर वसवायला खरोखरच डोंगर कापले गेले. शेवटी एक तानुकी थेट आपल्याकडे वळून विचारतो: आम्हाला रूप पालटता येतं, पण सशांनी काय करायचं?