बासेलहून गाडी न घेता, रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी ठिकाणं कोणती?

तुम्ही लिहिलंय की कामासाठी तीन आठवडे बासेलला येताय, शनिवार-रविवार मोकळे आहेत, गाडी भाड्याने घ्यायची नाही, आणि सिंगल एंट्री शेंगेन व्हिसावर फ्रान्स-जर्मनीत गेलो तर परतताना अडवतील का, अशी भीती आहे. आधी ती भीती काढून टाका. बासेल आहे स्वित्झर्लंडमध्ये, फ्रान्स-जर्मनीच्या सीमेला लागून. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आहे. त्यामुळे फ्रान्स किंवा जर्मनीत जाऊन आलात तरी तुमची ‘एंट्री’ खर्च होत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. जर्मनीकडे जाणाऱ्या गाडीत पोलीस चढून कागद बघतात, आणि आपल्यासारख्यांचे जरा जास्तच बघतात.

आता मुख्य मुद्दा. इथे ठिकाण ठरवण्याआधी स्टेशन ठरवायचं. बासेल एसबीबी (एसबीबी म्हणजे स्विस रेल्वे) हे मुख्य स्टेशन स्विस. पण त्याच्याच एका टोकाला फ्रेंच भाग आहे, फलाट ३० च्या पुढचे. तिथे जाताना जुन्या कस्टम्सच्या कॉरिडॉरमधून चालत जावं लागतं, म्हणून हाताशी दहा मिनिटं जास्त ठेवा. आणि ऱ्हाईन नदीपलीकडे बासेल बाडिशर बानहोफ. जमीन स्वित्झर्लंडची, कारभार जर्मन रेल्वेचा, तिकीटही जर्मन दराने. दोन्ही स्टेशनांना २ नंबरची ट्राम जोडते. हॉटेलात उतरणार असाल तर बासेलकार्ड मिळेल, त्यात शहरातली ट्राम-बस फुकट.

पहिला मोकळा दिवस मिळाला की सगळे आल्प्सकडे पळतात. मी म्हणेन, पहिला दिवस फ्रान्समधल्या कोलमारला द्या. बर्फाची शिखरं बघायला हवामान साथ द्यावं लागतं आणि खिसाही. कोलमारला दोन्हींची फारशी गरज नाही. एसबीबीच्या फ्रेंच भागातून स्ट्रासबूर्गकडे जाणारी प्रादेशिक गाडी पकडा, आरक्षण लागत नाही, पाऊण तासात कोलमार. स्टेशनपासून जुन्या गावापर्यंत आरामात चालत जाता येतं. रंगीत लाकडी घरं आणि कालव्याचे फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढाल. पण त्याआधी उंटरलिंडन संग्रहालयात जा (मंगळवारी बंद असतं).

तिथे इझेनहाइमच्या मठासाठी ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगवलेलं वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीमागच्या फळ्यांवरचं चित्र, आहे. हा मठ राय धान्यावरच्या बुरशीने होणाऱ्या रोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करायचा. हातापायांची आग व्हायची, कातडी काळी पडायची, अवयव झडायचे. ते माहीत असलं की क्रुसावरचा ख्रिस्त वेगळाच दिसतो. हिरवट पडलेली कातडी, अंगभर रुतलेले काटे, वेदनेने ताठ फाकलेली बोटं. बाजूच्या एका फळीवर, खालच्या कोपऱ्यात, फोडांनी भरलेला एक सुजलेला जीव पडलाय. रुग्णांना या चित्रांपुढे आणायचे. फळ्या आता सुट्या मांडल्यात, त्यामुळे मागून-पुढून फिरून बघता येतात. मी धार्मिक माणूस नाही, पण तिथून लवकर पाय निघत नाही.

जेवणाचं एक लक्षात ठेवा. दुपारी बारा ते दोन हीच तिथली जेवायची वेळ, नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. तार्त फ्लाँबे मागवा, पातळ पापुद्र्यावर क्रीम आणि कांदा. शाकाहारी असाल तर बेकनशिवाय हवं असं आधीच सांगा.

पावसाचा दिवस निघाला तर म्युलूझ, त्याच गाडीने जेमतेम पंचवीस मिनिटं. गाडी नको म्हणणाऱ्याला मी मोटारींचं संग्रहालय सुचवतोय, हसू नका. श्लुम्फ बंधूंनी कापड गिरणीच्या पैशांतून गुपचूप शेकडो मोटारी जमवल्या. धंदा बुडाला, १९७७ साली कामगार आत घुसले आणि आपल्या घामाचा पैसा कुठे गेला ते त्यांना रांगेने उभं दिसलं. नुसत्या बुगाटीच शंभराहून जास्त आहेत. याच शहरात रेल्वेचंही मोठं संग्रहालय आहे. दोन्हीकडे ट्राम जाते, पण एका दिवसात दोन्ही उरकायला गेलात तर पाय बोलतील.

जर्मनीकडे फ्रायबुर्ग. बाडिशर बानहोफवरून पाऊण-एक तास. रस्त्याकडेने वाहणारे अरुंद पाण्याचे पाट, ११६ मीटर उंच मनोऱ्याचं चर्च आणि त्याच्या पायथ्याशी रविवार सोडून रोज भरणारा बाजार. म्हणून इथे शनिवारीच जा. वेळ उरला तर घाटातून चढणाऱ्या गाडीने टिटिझेच्या तळ्यापर्यंत जाऊन या. तळं ठीकच आहे, प्रवास जास्त छान. दोघं-तिघं असाल तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रादेशिक गाड्यांतून फिरता येतं, आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही. एरवी सकाळी नऊच्या आधी चालत नाही, शनिवार-रविवारी ती अट नाही. एसबीबी स्टेशनवरून मात्र ते लागू होत नाही, बाडिशर बानहोफवरूनच चढा.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर ८ नंबरची ट्राम सरळ जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाईनला जाते. तिथे व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या आवारात फ्रँक गेरी, झाहा हदीद, तादाओ आंदो अशा वास्तुकारांच्या इमारती एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. किंवा रेल्वेने स्वित्झर्लंडमधल्या ऱ्हाईनफेल्डेनला उतरा आणि पुलावरून चालत दुसऱ्या देशातल्या ऱ्हाईनफेल्डेनमध्ये कॉफी प्या.

स्वित्झर्लंडच्या आत जायचंच असेल तर लुत्सर्न, सरळ गाडीने तासाभरात. खिडकीवर ऐनवेळी तिकीट काढू नका. आधीच बुक केलेला बचतीचा डे पास बराच स्वस्त पडतो, फक्त तो फ्रान्स-जर्मनीत चालणार नाही.

परतताना पिशवीकडे लक्ष द्या. २०२५ पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतच्या खरेदीवरच कर माफ आहे, आधी ही मर्यादा ३०० होती. मांस माणशी एक किलो. वाईन पाच लिटरपर्यंत चालते, त्यामुळे कोलमारहून दोन बाटल्या आणायला हरकत नाही. रविवारी तिन्ही देशांत दुकानं बहुतेक बंद, म्हणून जे काही घ्यायचंय ते शनिवारीच घ्या.