गालातला पांढरा चट्टा, मिश्री आणि बायोप्सीची भीती

प्रश्न : वडील साठीचे आहेत, तीस वर्षांपासून तंबाखू-चुना खातात. गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय, पण दुखत नाही. दाखवायची घाई करावी का?

करावी. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, त्यामुळेच तो उशिरा कळतो. चट्टा ओल्या कापसाने पुसून पाहा. निघाला तर बहुधा बुरशी. न निघणारा, दुसरं कारण न सापडणारा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया. तंबाखूचा बार जिथे धरतात, तिथेच तो बऱ्याचदा येतो. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर होत नाही. पण त्यात लाल ठिपके असले, पृष्ठभाग खरखरीत असला किंवा बोटाला कडक लागलं, तर धोका वाढतो. निव्वळ लाल, मखमली चट्टा पांढऱ्याहून वाईट.

घरी नीट बघायचं तर कवळी काढायला सांगा आणि बॅटरीचा उजेड घ्या. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू पाहा. मग जीभ बाहेर काढायला लावून तिच्या कडा, आणि वर उचलायला लावून खालची जागा. जिभेच्या कडा हमखास बघायच्या राहतात. शेवटी त्यांचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जातात का पाहा, आणि मानेत गाठ लागते का चाचपा.

टोकदार दात घासत असेल तर तो गुळगुळीत करून घ्यावा, तंबाखू बंद करावी. दोन आठवड्यांत चट्टा किंवा जखम गेली नाही तर तिथला तुकडा काढून तपासायलाच हवा (हीच बायोप्सी). मलम बदलत महिने घालवू नका. जखमेजवळचा दात हलतो म्हणून तपासणीआधीच उपटून टाकणं, ही नेहमी होणारी चूक.

प्रश्न : आई तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते. मी फक्त सुपारी खातो. आम्हाला धोका नाही ना?

मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. भाजल्याने तिच्यातली कॅन्सरकारक नायट्रोसामाइन्स जात नाहीत. दात साफ करायची पावडर असा तिचा समज घरोघर आहे, तो सोडा. सुपारीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाखालचे तंतू घट्ट होतात, तिखट झोंबू लागतं, तोंड उघडेनासं होतं. सुपारी सोडली की आजार पुढे जायचा वेग मंदावतो, मात्र आखडलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही.

प्रश्न : बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो, असं सगळेच म्हणतात.

सहसा पसरत नाही. गाठ बऱ्याचदा आधीच पसरलेली असते आणि रिपोर्ट नंतर येतो, म्हणून दोष बायोप्सीवर जातो. मोजके अपवाद आहेत (वृषणाच्या गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत) आणि ते डॉक्टरांना माहीत असतात. खरी गडबड वेगळीच असते. जखमेच्या मधोमध मेलेल्या पेशी असतात, तिथला तुकडा घेतला तर निदान होत नाही. तो कडेचा हवा. तो पाण्यात टाकला तर खराब होतो, फॉर्मालिन लागतं. लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल तर बारीक सुई बऱ्याचदा पुरत नाही, शक्यतो अख्खी गाठ काढून तपासतात. रिपोर्टमधला ‘ग्रेड’ म्हणजे पेशी किती बिघडल्यात ते; ‘स्टेज’ म्हणजे आजार कुठवर गेलाय ते. ग्रेड तीन वाचून तिसरी स्टेज समजू नका.

प्रश्न : वय 45, कसलाच त्रास नाही. गर्भाशयमुखाची तपासणी कशाला?

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकलेल्या संसर्गातून होतो. संसर्ग ते कॅन्सर या प्रवासाला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि त्या काळात त्रास नसतोच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने, 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले : एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. मुलगी 9 ते 14 वर्षांची असेल तर तिला लस द्या. पण तिलाही पुढे तपासणी लागेलच, कारण लस सगळ्या प्रकारांच्या एचपीव्हीवर चालत नाही. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर ठरलेल्या तपासणीची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.