साहेब म्हणतात, "बसावं लागतं"

व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्यांना मी विचारतो, "पहिला पेग कुठे घेतलात?" "कंपनीच्या पार्टीत" हे उत्तर फार वेळा ऐकू येतं. त्यामुळे नोकरीतल्या दारूच्या आग्रहाबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी सगळी जागा दिली आहे.

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे, टाइल्सच्या कंपनीत सेल्सला. सांगली-कोल्हापूर भाग बघतो. डीलर मीट झाली की साहेब म्हणतात, "पार्टीसोबत बसल्याशिवाय ऑर्डर निघत नाही." आधी अँटिबायोटिक चालू आहे म्हणालो, मग श्रावण पाळतो म्हणालो. आता गणपतीही झाले. काय सांगू?

कारणं सांगणं बंद करा. गोळ्यांचा कोर्स संपतो, श्रावण संपतो, आणि समोरच्याला वाटतं की अडचण तेवढीच होती. मग तो पुढच्या वेळी जास्त जोरात विचारतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी ग्लास पुढे करत नाही, कारण त्याचं उत्तर बाराही महिने तेच असणार हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही माळ घालायला हवी असं नाही (दारू टाळायला खोटी माळ तर नकोच), पण उत्तर मात्र तसंच कायमचं ठेवा. "मी घेत नाही, साहेब. तुमचं चालू द्या, मी बसतो." कोणी "का रे?" म्हटलं तर "नाही घेत" एवढंच. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो.

त्या टेबलावर तुमचं काम मात्र चोख करा. वेटर यायच्या आत लाइम सोडा मागवून ठेवा; हात रिकामा दिसला की आग्रह सुरू होतो. डीलरच्या शेजारी बसा. त्याची अडकलेली क्रेडिट नोट, फुटून आलेल्या पेट्या, मागच्या स्कीमचा राहिलेला हिशेब यावर बोला. दुसऱ्या दिवशी सकाळी जे ठरलं ते त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. रात्री टेबलावर दिलेले शब्द सकाळी धड आठवणारा माणूस डीलरला हवाच असतो.

साहेबांनी फारच ताणलं तर त्यांना एकट्याला गाठून सांगा की महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वयाची अट 25 आहे, बिअरसाठी 21. तुम्ही 24 चे आहात. शिवाय परत मोटारसायकलवर जायचं असतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ते तुम्हालाच भोगावं लागेल.

इतकं करूनही काही ठिकाणी न पिणाऱ्याचं प्रमोशन अडतं, हे मी नाकारणार नाही. आपल्या विक्रीचे आकडे नीट जपून ठेवा आणि दुसरीकडे अर्ज करायला लागा. या वयात ते जमतं.

प्रश्न : मला दारू सोडून वर्ष होऊन गेलं. दारूपासून लांब राहण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरामची गोळी चालू आहे. नवीन नोकरी बांधकाम व्यवसायात आहे आणि स्लॅब टाकून झाला की पार्टी ठरलेली. एका दिवसापुरती गोळी बंद करून एकच पेग घेतला तर चालेल का? जुनं सगळं सांगायची लाज वाटते.

नाही, अजिबात चालणार नाही. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम शरीरात राहू शकतो. त्यावर दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणं, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं काहीही होऊ शकतं आणि जिवावरही बेतू शकतं. गोळीबद्दलचा प्रत्येक निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.

मला जास्त काळजी "एकच" या विचाराची वाटते. तो मनात आला आणि तुम्ही घोट घेण्याआधी लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. आता हेच घरातल्या एका माणसाला आणि तुमच्या समुपदेशकाला आजच सांगा. ऑफिसात जुनं काही सांगायला तुम्ही बांधील नाही. साइटवरच्या एखाद्या भरवशाच्या सहकाऱ्याला "मला दारू चालत नाही, कोणी मागे लागलं तर सांभाळून घे" एवढं म्हणालात तरी पुरे.

पहिलं वर्ष-दोन वर्षं अशा पार्ट्यांना न गेलेलंच बरं. जावंच लागलं तर भरल्या पोटी जा, दुपारी नारळ फुटतो आणि पेढे वाटतात तेव्हा हजेरी लावा आणि बाटल्या उघडायच्या आत निघा. परतीची गाडी स्वतःची ठेवा. अल्कोहोल नसलेली बिअरही तुम्हाला नको. चव आणि वास तोच असतो आणि तलफ त्यावरच जागी होते. रात्री मन फार ओढ घेऊ लागलं तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतं आहे. जिथे उपचार घेतलेत तिथल्या पाठपुराव्याच्या बैठका सोडू नका.

प्रश्न : आयटीत आहे. लोणावळ्याच्या टीम आउटिंगमध्ये लीडने माझ्या कोकमध्ये व्होडका ओतायचा प्रयत्न केला. "मुलींनी घेतली की त्या मोकळ्या होतात" असंही म्हणाला. सगळे हसले. मी वाढवून सांगते आहे का?

मुळीच नाही. न विचारता पेयात दारू मिसळणं हा गंभीर प्रकार आहे आणि ते वाक्य लैंगिक शेऱ्यातच मोडतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जाल ती जागाही कामाच्या ठिकाणात धरली आहे, म्हणजे लोणावळ्याचं रिसॉर्टसुद्धा. कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार देता येते. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द हे आजच लिहून काढा. हसणाऱ्यांपैकी एखादी तरी व्यक्ती मनातून अस्वस्थ झाली असेल, तिच्याशी बोलून बघा.

प्रश्न : पुण्याहून टोकियोला बदली झाली आहे. इथे ऑफिस सुटल्यावर नोमिकाई, म्हणजे सहकाऱ्यांची दारूची बैठक, असते. न प्यायल्याने टीमपासून तुटेन का?

बैठकीला जा, प्यायची गरज नाही. तिथे "ओसाके वा नोमेमासेन", म्हणजे मला दारू झेपत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. जपानमध्ये बऱ्याच जणांच्या शरीराला जन्मतःच दारू पचत नाही, त्यामुळे हे चटकन समजून घेतलं जातं. 'कान्पाई', म्हणजे चिअर्स, ऊलाँग चहाने करा. इतरांचे ग्लास मात्र आठवणीने भरत राहा. माणसं तीच आपुलकी लक्षात ठेवतात. पुढच्या ठिकाणी 'निजिकाई'ला जातात तेव्हा आभार मानून निघता येतं. वरिष्ठाने जबरदस्ती केली तर तिथे तिला छळ म्हणून 'आरुहारा' हे नावच आहे, आणि अधिकाराच्या जोरावर होणारा छळ रोखणं 2022 पासून लहान कंपन्यांनाही बंधनकारक आहे.

प्रश्न : मी शाखाप्रमुख आहे. टीमला पार्टी द्यायला आवडतं. जबरदस्ती कधीच करत नाही, तरी काही जण येणं टाळतात.

तुमचं प्रेमाचं "अरे, एक तर घे" ज्युनिअरच्या कानाला हुकूमच वाटतो. कोण घेतं, कोण नाही, का नाही, हे विचारणंच सोडा. जेवण अकरापर्यंत लांबवू नका, साडेआठला वाढायला घ्या. सोलकढी, ताक, ताजा रस हेही त्याच टेबलावर मांडा. कौतुक, बक्षिसं, पुढच्या कामाची वाटणी हे सगळं ग्लास येण्याआधी उरकून घ्या, म्हणजे लवकर निघणाऱ्याचं काही हुकत नाही. आणि पुढची पार्टी दुपारच्या जेवणाची ठेवून बघा. आजवर कोण, का येत नव्हतं ते तुमच्या लगेच लक्षात येईल.