इंग्लंडमध्ये भाड्याचं घर घेण्याआधी: शाळा, कौन्सिल आणि तिथल्या लोकांची मतं

तुमचा प्रश्न असा: स्किल्ड वर्कर व्हिसावर कुटुंबासह इंग्लंडला जायचंय, मुलगी पाच वर्षांची, मुलगा दहा वर्षांचा. तिथले लोक विषमता, शाळा आणि सोयींबद्दल काय बोलतात, आणि त्यावरून घर कुठे बघावं?

लोकांचं जरूर ऐका, पण ते नेमकं कशाबद्दल बोलतायत ते ओळखा. ‘नाइस एरिया’, ‘रफ एरिया’ हे शब्द बहुतेक वेळा घरांच्या किमतींबद्दल असतात, वर्गातल्या शिकवण्याबद्दल नाही. उत्पन्नातली दरी फार मोठी आहे असं तिथले बहुसंख्य लोक पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगत आलेत. तरी चांगल्या शाळेजवळच्या घराला जास्त पैसे मोजणारेही तेच, कारण सरकारी शाळेत प्रवेश बऱ्याचदा घर किती जवळ यावर ठरतो. मग शाळेभोवतीची घरं महागतात, कमी पगाराची कुटुंबं लांब जातात आणि शाळेचे निकाल आणखी चांगले दिसतात. म्हणून नुसत्या निकालावर भाळू नका.

कुणी ‘आउटस्टँडिंग शाळा’ (तपासणीतला सर्वात वरचा शेरा) म्हणालं की आधी तपासणीची तारीख बघा. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना असा एका शब्दाचा शेरा देणं बंद केलंय. शिवाय २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग शाळांना नियमित तपासणीतून सूट होती, त्यामुळे लोकांच्या तोंडी असलेला शेरा बराच जुना असू शकतो. अहवालाबरोबर ऑफस्टेडच्याच ‘पेरेंट व्ह्यू’वर पालकांची उत्तरं वाचा. आणि शाळेच्या वेबसाइटवरचं ‘प्युपिल प्रीमियम’चं निवेदन शोधा. गरीब घरच्या मुलांसाठी मिळणारा जादा निधी कशावर खर्च होतो, हे शाळेला तिथे जाहीर करावं लागतं. ज्या शाळेने हे नीट, तपशिलात लिहिलंय ती परक्या देशातून आलेल्या मुलाकडेही लक्ष देईल, असं माझं ठाम मत आहे.

शाळेचं वर्ष सुरू असताना पोहोचलात तर ‘इन-इयर’ अर्ज करावा लागतो. घराच्या करारावर सही करण्याआधी कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) ॲडमिशन्स विभागाला विचारा की मुलीच्या इयत्तेत कुठल्या शाळांत जागा रिकामी आहे. रिसेप्शन (इयर १ च्या आधीचा वर्ग), इयर १ आणि इयर २ मध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. अपवाद मोजकेच, त्यामुळे या वयात नकाराविरुद्धचं अपील क्वचितच यशस्वी होतं. प्रतीक्षा यादीवरही फार विसंबू नका. ती अर्जाच्या तारखेने लागत नाही, प्रवेशाच्या निकषांनी लागते. शाळेच्या अगदी जवळ नवं कुटुंब राहायला आलं की तुमचा नंबर मागे जाऊ शकतो.

मुलाचं गणित वेगळं. इयर ६ मध्ये (प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात) असताना ३१ ऑक्टोबरपर्यंत माध्यमिक शाळेचा अर्ज गेला पाहिजे, निकाल १ मार्चच्या सुमारास. केंट किंवा बकिंगहॅमशायरमध्ये ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी माध्यमिक शाळा) हवं असेल तर प्रवेश परीक्षा सप्टेंबरमध्येच होते आणि नोंदणी त्याआधी संपते. या शाळांत गरीब घरची मुलं कमी दिसतात, आणि त्यावरून स्थानिकांमध्ये कडाक्याचे वाद आहेत.

सोयींबद्दलची नेहमीची तक्रार अशी की कौन्सिल टॅक्स (घरामागे द्यावा लागणारा स्थानिक कर) वाढतो आणि लायब्ररीचे तास घटतात. तक्रार खरी आहे. वृद्धांची आणि निराधार मुलांची काळजी घेणं कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक, आणि तो खर्च सतत वाढतोय, म्हणून कात्री लायब्ररी, युवा केंद्रं यांना लागते. बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या खर्चावर बंदी आणणारी ‘सेक्शन ११४’ नोटीसच काढली होती. तुम्ही निवडलेल्या कौन्सिलचं ताजं अंदाजपत्रक वाचा. कौन्सिल टॅक्स सहसा भाडेकरू भरतो आणि घराचा बँड (कराचा गट) १९९१ च्या किमतीवर ठरलेला असतो, तेव्हा भाडं विचारताना बँडही विचारा.

तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ ही, ठरावीक सरकारी आर्थिक मदत न घेण्याची अट असेल. म्हणजे चाइल्ड बेनिफिट नाही, कमी उत्पन्नासाठीची कौन्सिल टॅक्समधली सवलतही नाही. सरकारी शाळा आणि एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) मात्र या अटीत येत नाहीत, आणि इयर २ पर्यंत सरकारी शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांनाच मोफत असतं. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. दवाखान्याच्या काउंटरवर अडवलं तर हे शांतपणे सांगा, आणि नाव नाकारलंच तर लेखी कारण मागा.